जुन्या युद्धकॉमिक्सवर चित्रकाराची सही: आधी कागद, मग पेन

गेल्या पावसाळ्यात एक मित्र कमांडो या ब्रिटिश युद्धकॉमिकचा जुना अंक घेऊन घरी आला. अंक चांगला होता. एका कार्यक्रमात त्याने मुखपृष्ठावर सही घेतली होती, पेन होतं खिशातलं साधं बॉलपेन. अंक ओलसर आणि कागद मऊ पडलेला. टोकाचा दाब थेट खालच्या तीन पानांवर उमटला होता. वर सही पुसू नये म्हणून त्याने गावातल्या दुकानात मुखपृष्ठ सुटं करून लॅमिनेट करून आणलं. गरम रोलरखाली जुनी शाई तडकली, कडेला हवेचे फुगे राहिले. आता ते प्लास्टिक काढता येत नाही आणि ठेवलं तर आतला कागद त्याच्याबरोबर वाकत जातो.

पेन, लॅमिनेशन आणि ओल अशा त्याच्या तीन चुका दिसतात, पण मुळात चुकला तो क्रम. सही ही शेवटची पायरी आहे. तिच्याआधी अंक ओळखायचा, वाळवायचा, साफ करायचा, चित्रकार कोण ते खात्रीने शोधायचं आणि सही कुठे, कशाने घ्यायची ते घरीच ठरवायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा.

टप्पा १: काय जमवायचं ते ठरवा

सगळंच गोळा करायला गेलात तर दोन वर्षांत कपाट भरेल आणि एकही मालिका पुरी होणार नाही. आपल्याकडच्या रद्दीत आणि जुन्या पुस्तकांच्या बाजारात युद्धकॉमिक्स प्रामुख्याने तीन प्रकारची सापडतात.

पहिला प्रकार ब्रिटिश खिशातल्या आकाराचा. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डी. सी. थॉमसन या प्रकाशनाचं कमांडो (१९६१ पासून आजतागायत), फ्लीटवे या दुसऱ्या ब्रिटिश प्रकाशनाचं वॉर पिक्चर लायब्ररी (१९५८ ते १९८४), बॅटल पिक्चर लायब्ररी (१९६१ ते १९८४) आणि एअर एस पिक्चर लायब्ररी (१९६० ते १९७०). रंगीत मुखपृष्ठ, आत काळी-पांढरी चित्रं. दुसरा प्रकार अमेरिकन मोठ्या आकाराचा, उदाहरणार्थ डीसी या अमेरिकन प्रकाशनाचं अवर आर्मी ॲट वॉर. १९५२ साली सुरू झालेल्या या मालिकेचं नाव १९७७ मध्ये सार्जंट रॉक झालं. तिसरा आपल्याकडचा: अमर चित्र कथेतल्या लढायांच्या आणि वीरांच्या कथा.

सुरुवात एका मालिकेपासून करा. माझं मत विचाराल तर कमांडो घ्या. आपल्याकडे सापडतो, हातात मावतो, साठवायला सोपा आणि शिकायलाही चांगला.

टप्पा २: विकत घेण्याआधी पाच मिनिटं

रद्दीच्या दुकानात गठ्ठा दिसला की हात थरथरतो, ते मला माहीत आहे. तरीही तिथेच उभं राहून चार गोष्टी बघा.

पानं मोजा. कमांडोचा पूर्ण अंक मुखपृष्ठ धरून ६८ पानांचा असतो. पिनांजवळची मधली जोडपानं सर्वांत आधी निखळतात आणि ती हरवलेली वरून कळत नाही.

किंमत वाचा. ब्रिटनमध्ये दशमान चलन १५ फेब्रुवारी १९७१ ला आलं. मुखपृष्ठावर शिलिंग-पेन्सची खूण असेल तर अंक त्याआधीचा, नुसता 'पी' असेल तर त्यानंतरचा. विक्रेता 'साठ सालचा आहे' म्हणाला तरी किंमत खोटं बोलत नाही.

पुनर्मुद्रण आहे का ते बघा. कमांडो जुन्या कथा नव्या क्रमांकाने पुन्हा छापत आला आहे, त्यामुळे ओळखीचं चित्र म्हणजे पहिली छपाई असं धरून चालू नका. अमर चित्र कथेतही ५०१ पासून पुढचे क्रमांक ही नंतरच्या छपाईची मालिका आहे.

शेवटी कडा बघा. पूर्वी भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्या चार-पाच अंक एकत्र शिवून कडा कापत असत. कापलेला अंक वाचायला ठीक, सहीसाठी कमी पसंतीचा. लायब्ररीचा शिक्का मात्र मला दोष वाटत नाही. तो अंक आपल्या भागात कुठे फिरला त्याची ती खूण आहे. तो खोडरबराने घासू नका.

कोल्हापुरात फक्त रद्दीवाल्यांवर विसंबू नका. घर बदलणारी कुटुंबं, बंद पडलेली वाचनालयं आणि निवृत्त सैनिकांची घरं इथे विचारा. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी कुणी ना कुणी फौजेत गेलेलं आहे. अशा घरच्या ट्रंकांत कधीकधी कॅन्टीनच्या सामानाबरोबर आलेली कॉमिक्स असतात. मात्र तिथे भाव पाडायला जाऊ नका. काकांना अंकाची खरी किंमत सांगा आणि मग मागा. द्यायचं नसेल तर फोटो काढू द्या म्हणा, तेवढंही पुष्कळ. बाहेर जायचं तर पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर, मुंबईत माटुंग्याचं किंग्ज सर्कल आणि फ्लोरा फाउंटनचा फूटपाथ.

> सावध: 'सही असलेला अंक' म्हणून कुणी विकत असेल तर आधी तारखा जुळवा. ब्रिटिश साप्ताहिकात आलेल्या चार्लीज वॉर या युद्धकथेचा चित्रकार जो कॉलहून १९८७ मध्ये गेला, ह्यूगो प्राट १९९५ मध्ये, जो क्यूबर्ट २०१२ मध्ये, रस हीथ आणि कार्लोस एझ्केरा २०१८ मध्ये, आणि कमांडोची असंख्य मुखपृष्ठं रंगवणारा इयन केनेडी २०२२ मध्ये. छपाईचं साल चित्रकाराच्या मृत्यूनंतरचं असेल तर बोलणं तिथेच संपवा.

टप्पा ३: अंक घरात आणल्यावर पहिले दोन आठवडे

बहुतेकांचं नुकसान याच टप्प्यात होतं, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

नवा अंक थेट कपाटात जाऊ नये. त्याच्याबरोबर कसर, बुरशी आणि किड्यांची अंडी येऊ शकतात आणि एका अंकामुळे अख्खी फळी जाते. वेगळी जागा ठरवा. माझ्याकडे त्यासाठी झाकणाचा एक जुना डबा आहे.

*वाळवणं.* अंक उन्हात ठेवू नका. पावसाळा संपला की गाद्या-रजयांना ऊन दाखवायची आपल्याकडची पद्धत आहे आणि त्याच ओघात लोक पुस्तकंही गच्चीवर मांडतात. या कॉमिक्सचा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, त्यात लिग्निन, म्हणजे लाकडातला पिवळा पडणारा घटक, भरपूर. ऊन लागलं की तो पिवळा होतो, कडक होतो आणि मग दुमडताच तुटतो. मुखपृष्ठाचा लाल रंग तर सर्वांत आधी उडतो. सावलीत, मंद पंख्याखाली, पानं किंचित विलग करून दोन-तीन दिवस ठेवा. पंख्याचा झोत थेट नको.

*झाडणं.* चित्रकाराचा रुंद, मऊ, कोरडा ब्रश घ्या. पान आडवं ठेवून पिनांकडून बाहेरच्या कडेकडे एकाच दिशेने हलकेच फिरवा. बुरशीची पांढरट पूड दिसली तर हे काम घराबाहेर, तोंडाला मास्क लावून करा. ओलं फडकं, स्पिरिट, पावाचा मऊ भाग हे सगळे ऐकीव उपाय टाळा.

*कीड.* अंक चांगल्या प्लास्टिक पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि घरच्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण एक दिवस तशीच खोलीत राहू द्या. गार कागदावर बाहेरची दमट हवा बसली की दव धरतं आणि केलेलं सगळं वाया जातं. अंक ओला असताना फ्रीझरमध्ये टाकू नका, आधी वाळवणं.

*वास.* मोठ्या बंद डब्यात अंक एका बाजूला आणि वाटीत खायचा सोडा दुसऱ्या बाजूला, आठवडाभर. सोडा कागदाला लागता कामा नये.

डांबर गोळ्या, कापूर, कडुनिंबाचा पाला यांतलं काहीही पानांत घालू नका. पाल्याचे डाग मी माझ्याच एका एअर एसमध्ये पाहिले आहेत: पानाचा हिरवट-तपकिरी आकार थेट वैमानिकाच्या चेहऱ्यावर, शिरांसकट. तो अंक मला एका काकांनी प्रेमाने जपून दिला होता. त्यांनी पुस्तकाचं भलं व्हावं म्हणूनच पाला ठेवला होता.

फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो. पिना गंजल्या असतील तरी उपटू नका, गंजाभोवतीचा कागद आधीच कमजोर झालेला असतो.

> तपासा: दोन आठवड्यांनी अंकाखाली पांढरा कागद पसरून पानं हळूच चाळा. कागदावर बारीक भुसा किंवा चंदेरी किडा पडला तर पुन्हा फ्रीझर. काहीच पडलं नाही तरच पुढे जा.

टप्पा ४: पिशवी, पुठ्ठा आणि कोल्हापूरचा पाऊस

प्रत्येक अंकाला स्वतंत्र पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पिशवी आणि मागे आम्लरहित पुठ्ठा. साडीच्या किंवा मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा चालत नाही, त्यातलं आम्ल कागदात उतरतं. मऊ पीव्हीसीच्या फाइल-पिशव्याही नकोत. त्या काही दिवसांनी मुखपृष्ठाला चिकटतात आणि ओढून काढल्या तर शाई प्लास्टिकवर येते.

खोकं भिंतीला टेकवू नका, विशेषतः पश्चिमेच्या. जून ते सप्टेंबर आपल्या भिंती ओल धरतात. डब्यात रंग बदलणारी सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की कोरडी करून परत घाला. दोन-चारशे रुपयांत हवेतली ओल मोजणारा छोटा हायग्रोमीटर मिळतो, तो डब्यात ठेवा. काटा ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम, ६५ च्या वर टिकून राहिला तर बुरशीची वाट बघू नका.

आणि उंची. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं होतं. नदी आणि नाल्याजवळ राहत असाल तर संग्रह तळमजल्यावर नको. दुसरा मजला नसेल तर माळा, पण पत्र्याखालचा तापलेला माळा नको. मग नातेवाइकांच्या घरी, चढावरच्या भागात, चार महिने.

टप्पा ५: चित्र कुणाचं, हे पक्कं करा

अमर चित्र कथेत लेखक आणि चित्रकाराचं नाव छापलेलं असतं, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. ब्रिटिश खिशातल्या कॉमिक्समध्ये मात्र जुन्या काळी कुणाचंच नाव छापत नसत. फ्लीटवेची कितीतरी चित्रं इटली, स्पेन आणि अर्जेंटिनात काम केलेल्या कलावंतांनी काढली. ह्यूगो प्राटने वॉर पिक्चर लायब्ररीसाठी काढलेल्या कथा वाचताना त्या वेळच्या वाचकाला त्याचं नाव कळायला मार्गच नव्हता. मला याचं वाईट वाटतं, आणि म्हणूनच नाव शोधून काढणं हे संग्राहकाचं काम आहे असं मी मानतो.

कमांडोसाठी एक उपयोगी वाट आहे. अलीकडच्या पुनर्मुद्रित अंकांत मूळ क्रमांक, साल आणि लेखक, आतला चित्रकार, मुखपृष्ठकार यांची नावं देतात. तुमच्या जुन्या अंकाची कथा पुन्हा कधी छापली गेली ते कथेच्या नावावरून शोधा आणि त्या अंकातली नावं वहीत उतरवा.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे मुखपृष्ठ आणि आतली चित्रं एकाच हाताची समजणं. बहुतेक वेळा ती दोन वेगळ्या माणसांची असतात. आतल्या चित्रकारासमोर दुसऱ्याने रंगवलेलं मुखपृष्ठ ठेवून 'इथे सही करा' म्हणणं त्याला अवघडल्यासारखं करतं. काहीजण सौजन्याने करतात. पण तुम्ही त्याचं काम पाहिलेलं नाही, हे त्याला त्याच क्षणी समजतं.

चित्रकार हयात नसेल तर लेखकाचा विचार करा. चार्लीज वॉरचा लेखक पॅट मिल्स आहे. अशा वेळी जुना साप्ताहिक अंक नेण्यापेक्षा त्या कथेचं नंतर आलेलं संकलित पुस्तक घेणं बरं, त्याचा कागद सही सोसतो.

टप्पा ६: सहीसाठी अंक, जागा आणि पेन

सर्वांत दुर्मीळ अंक सहीला नेऊ नका. प्रवास, गर्दी, घामेजलेले हात, टेबलावरचा चहा: इतकं सगळं झेलू शकेल असा, मध्यम अवस्थेतला अंक निवडा.

जागा घरीच ठरवा. मुखपृष्ठावर फिकट, सपाट भाग शोधा. आकाश, धूर, वाळू. चेहऱ्यावर, शीर्षकावर आणि पिनांच्या घडीवर सही नको. मग एक युक्ती करा: जुन्या पिशवीला ठरवलेल्या जागी चौकोनी खिडकी कापा आणि अंक पुठ्ठ्यासकट तिच्यात घाला. चित्रकाराला फक्त खिडकीतली जागा दिसते, हात अंकाला लागत नाही आणि 'इथे करा, तिथे नको' असं सांगावं लागत नाही. पिशवी कापताना अंक आत ठेवू नका.

पेन नेहमी स्वतःचं न्या.

गुळगुळीत मुखपृष्ठावर बारीक टोकाचा कायमस्वरूपी मार्कर. गडद मुखपृष्ठावर चंदेरी किंवा सोनेरी पेंट मार्कर. तो आधी हलवून, टोक दुसऱ्या कागदावर दाबून शाई उतरवून ठेवा, नाहीतर पहिल्याच रेषेला थेंब पडतो. आतल्या खरखरीत पानावर मार्कर अजिबात नको, तो पसरतो आणि मागच्या बाजूला उतरतो. तिथे चित्रकलेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळणारं पिगमेंट शाईचं, आम्लरहित, बारीक टोकाचं पेन. बॉलपेन आणि जेलपेन दोन्ही घरी ठेवा.

> तपासा: किलोच्या भावाने आणलेल्या, तशाच कागदाच्या फाटक्या अंकावर तेच पेन वापरून स्वतःची सही करा. दहा मिनिटांनी अंगठा फिरवा. मग पान उलटून मागे बघा. दोन्हीकडे डाग नसेल तरच ते पेन पिशवीत जाईल.

टप्पा ७: कार्यक्रमाच्या दिवशी

मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सच्या मेळाव्याला, चित्रकार येतात. येणाऱ्यांची यादी आधी बघा, फक्त कार्यक्रमाचं नाव बघून तिकीट काढू नका. मुंबईला रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. अंक बर्थखालच्या बॅगेत नको, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घालून उशाच्या पिशवीत.

दोन अंक न्या, तीनच्या वर नको. रांगेत तुमच्यामागे माणसं उभी असतात. सहीचे पैसे आहेत का हे टेबलावर बसलेल्या मदतनिसाला आधी विचारा आणि असतील तर घासाघीस करू नका.

समोर गेल्यावर अंक उघडून तुम्हाला आवडलेलं एक चित्र दाखवा. 'सर, या पानावरचा चिखलातला ट्रक तुम्ही कशाने काढलात?' एवढाच प्रश्न. उत्तर लांबलं तर ऐका. मला मिळालेली सर्वांत चांगली सही अशाच एका प्रश्नानंतरची आहे. त्या ज्येष्ठ चित्रकाराने ब्रशचा कोरडा फटकारा कसा मारायचा ते माझ्याच पिशवीच्या पुठ्ठ्यावर करून दाखवलं. तो पुठ्ठा आज अंकापेक्षा मला जास्त मोलाचा आहे.

नाव घालून सही घ्यायची की नुसती, हे आधी ठरवा. 'अमुक यास' असं लिहिलेल्या अंकाला विकताना कमी भाव येतो. पण विकायचाच नसेल तर नाव घालून घ्या. अनेक चित्रकारांना ते आवडतं, कारण अंक उद्या विक्रीला लागणार नाही याची त्यांना खात्री होते.

सही झाल्यावर फुंकर मारू नका, थुंकी उडते. अंक उघडा, आडवा, दहा मिनिटं तसाच धरा. बाजूला व्हा, रांग अडवू नका.

> सावध: पुढे अंकाची अवस्था तपासून प्रत ठरवणाऱ्या, अमेरिकेतल्या सीजीसीसारख्या संस्थेकडून प्रतवारी करून घ्यायची असेल तर सही होताना त्यांचा साक्षीदार हजर असलेला बरा. नंतर नुसते फोटो दाखवून भागत नाही.

टप्पा ८: पोस्टाने सही

परवानगीशिवाय कुणाच्या घरी अंक पाठवू नका. आधी दोन ओळींचं पत्र किंवा संदेश, होकार आला तरच पुढे. आणि होकार आला तरी अंक पाठवण्याऐवजी चांगल्या जाड, आम्लरहित कागदाच्या छोट्या चिठ्ठ्या पाठवा, त्यांवर सही मागा. परत आलेली चिठ्ठी वेगळ्या पिशवीत घालून अंकाच्या मागे ठेवा, चिकटवू नका. परदेशातल्या चित्रकारांसाठी मी हाच एक मार्ग सुचवेन. अंक दोनदा समुद्र ओलांडून जाण्याची जोखीम त्यात नाही.

देशात अंक पाठवायचाच असेल तर स्पीड पोस्ट. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट त्यातच विलीन झालं आहे, त्यामुळे जुन्या सवयीने वेगळं रजिस्टर्ड पोस्ट मागत खिडकीवर वाद घालू नका. अंक पिशवीत, दोन्ही बाजूंना पुठ्ठे, बाहेरून पुन्हा एक प्लास्टिक. परतीचा खर्च चित्रकाराला विचारून आधीच पाठवा. जून ते सप्टेंबर काहीही पाठवू नका.

टप्पा ९: सही घरी आल्यावर

त्याच रात्री वहीत नोंद करा: अंकाचं नाव, क्रमांक, कुठून किती रुपयांना घेतला, सही कुणाची, कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या पेनाने. सही करतानाचा फोटो, तिकीट आणि पावती वेगळ्या पाकिटात, अंकाच्या पिशवीत नाही. नोंदीच्या पानांचा फोटो काढून गावाबाहेरच्या एखाद्या माणसाकडे पाठवून ठेवा. पुरात वह्याही जातात.

सही केलेला अंक फ्रेम करून दिवाणखान्यात लावू नका, मार्करची शाई उजेडात फिकी पडते. लावायचंच असेल तर रंगीत प्रत काढून ती लावा.

वर्षातून दोनदा सगळे अंक बाहेर काढा: मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, आणि पुन्हा दसऱ्याच्या आठवड्यात. दसऱ्याला पुस्तकांची पूजा करताना घरात कुणी हौसेने कॉमिक्सही पाटावर मांडतं. मांडू द्या, पण पिशवीतच. हळद-कुंकू आणि फूल पिशवीवर वाहा आणि संध्याकाळी फूल काढून पिशवी कोरड्या फडक्याने पुसूनच अंक डब्यात ठेवा.